दहा वेळा, सावकाश

“मॅडम, हे कंपाउंडरचं काम नव्हे,” विभागप्रमुख मुजावर सर म्हणाले. मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्यांच्या समोरच उभा होतो. माझ्या अंगात हेमलताचा पांढरा कोट होता आणि तो काखेत दाटत होता.

हेमलता स्टुलावर बसली होती. केस गेल्यापासून ती डोक्याला सुती रुमाल बांधायची. “सर, सत्तावीस वर्षं हे शिराळकर डॉक्टरांकडं औषधं बनवतायत,” ती म्हणाली. “थेंबाची चूक नाही.”

“औषध वेगळं आणि हे वेगळं. त्यापेक्षा एम.एस्सी.चा एखादा मुलगा देतो की.”

“मुलं स्वतःचं डोकं चालवतात. मला सांगितलं तेवढंच करणारा माणूस पाहिजे. हे घरात कधी डोकं चालवत नाहीत.”

“हे मात्र खरं आहे,” मी म्हणालो.

सर हसले, पण त्यांचं समाधान झालं नव्हतं. त्यांना अकराला प्रॅक्टिकलची परीक्षा घ्यायची होती. जाताना दारातून वळून ते मला म्हणाले, “कोष्टी, सांभाळून. मॅडमकडं दुसरी बाटली नाही.”

ही गोष्ट मिरजेची, सत्त्याण्णव सालच्या फेब्रुवारीतली. हेमलता तिथल्या कॉलेजात जीवाणूंचा विषय शिकवायची. लग्न झालं तेव्हा ती मॅट्रिक झालेली होती, मी कंपाउंडर. पुढचं सगळं ती लग्नानंतर शिकली. आम्हाला मूलबाळ झालं नाही. एकोणचाळिसाव्या वर्षी तिनं पीएच.डी.ला नाव घातलं तेव्हा माझी बहीण म्हणाली होती, “आता हिला डॉक्टर म्हणायचं आणि तुला कंपाउंडर. बरं जमलं.” मला त्याचं काही वाटलं नाही. खरं सांगायचं तर अभिमानच वाटला.

कोकणातल्या एका गरम पाण्याच्या कुंडातून तिनं एक जीवाणू आणला होता. वाफाळत्या चहाइतक्या गरम पाण्यात तो सुखानं राहायचा. ते पाणी थर्मासमधून एसटीनं मीच आणलं होतं, मांडीवर धरून. पाच वर्षं ती त्या जीवाणूच्या मागं होती. आता शेवटचं प्रकरण राहिलं होतं. जीवाणूची पेशी फोडून आतला डीएनए अखंड बाहेर काढायचा आणि पुण्याच्या एका प्रयोगशाळेला द्यायचा. पुढचं काम ते करणार होते. त्यांचं पत्र आलं होतं, डीएनएचा धागा लांब पाहिजे, तुकडे चालणार नाहीत.

आणि पोटातल्या कॅन्सरवरच्या औषधांनी तिच्या बोटांतली संवेदना गेली होती. चहाचा कप दोन्ही तळहातांत धरून ती प्यायची. ब्लाउजचा हुक लावता येत नव्हता, तर काचेची बारीक नळी कशी धरणार? डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं होतं, उन्हाळा निघेल, पावसाळ्याचं सांगता येत नाही. रिक्षातून घरी येताना ती एवढंच म्हणाली, “तेवढ्यात शेवटचं प्रकरण होतं.”

तर त्या दिवशी तिचे हात म्हणून मी उभा होतो.

“ती बर्फातली लहान बाटली घ्या,” ती म्हणाली. “तळाशी पांढरी पूड दिसते ना? तेवढीच आहे. नवी मागवायची तर परदेशातून येते, तीन महिने लागतात.”

“हे काय?”

“लायसोझाइम. याच्यानं पेशीची भिंत सुटते. आपल्या या बाळाची भिंत फार जाड आहे. साबणाच्या पाण्यानं नुसतं धुतलं तर काही होत नाही त्याला. आधी हा एन्झाइम लावायचा. हा भिंत पाडत नाही, सांधे सोडवतो.”

“आणि हा मिळतो कुठून?”

“कोंबडीच्या अंड्यातल्या पांढऱ्यातून काढतात. आपल्या डोळ्यांतल्या पाण्यातही असतो.”

“मग परदेशातून कशाला मागवायचा?”

“तुम्ही कधी रडत नाही आणि माझं एकटीचं पुरणार नाही.”

ती अशी बोलायची. आजारपणातही तिची जीभ शाबूत होती.

तिनं सांगितलं तसं मी केलं. पूड मोजून द्रावणात विरघळवली, ते द्रावण जीवाणूंच्या नळीत थेंब थेंब सोडलं. नळीतलं पाणी दुधासारखं गढूळ होतं. नळी कोमट पाण्याच्या पेटीत तासभर ठेवायची होती. त्या तासात आम्ही दोघं खिडकीपाशी बसलो. मी डब्यातला दहीभात खाल्ला. तिला वास सहन होत नव्हता म्हणून दुसरीकडं तोंड करून खाल्ला.

“एक सांगते,” ती म्हणाली. “पुढची पायरी महत्त्वाची आहे. भिंत सुटली की आपण साबणाचं द्रावण घालणार. पेशी फुटतील आणि आतलं सूत बाहेर येईल. इचलकरंजीला आमच्या मागावर बघितलंय ना तुम्ही? सूत ओढलं की तुटतं. हे त्याच्याहून हजारपट बारीक. नुसता धक्का बसला तरी तुटतं. म्हणून नळी उलटी करायची, सुलटी करायची. दहा वेळा, सावकाश. हलवायची नाही.”

“समजलं.”

“म्हणून दाखवा.”

“दहा वेळा, सावकाश. हलवायची नाही. मी काय पहिलीतला आहे का?”

“पहिलीतला असता तर एकदाच सांगितलं असतं.”

तास झाल्यावर मी नळी काढली आणि साबणाचं द्रावण घातलं. बघता बघता नळीतला गढूळपणा निवळला. दुधासारखं होतं ते अंड्यातल्या पांढऱ्यासारखं झालं, दाट, लोंबणारं. मी नळी किंचित तिरकी केली तर आतलं पाणी वाहीना, गोळा सरकावा तसं सरकलं.

हेमलता स्टुलावरून उठून जवळ आली. तिनं नळी माझ्या हातातच बघितली. “फुटल्या,” ती म्हणाली. “अहो, सगळ्या फुटल्या. ते दाट झालंय ना, ते लांब धाग्यांमुळं. लांब असल्याशिवाय असं होत नाही.” कितीतरी दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर रंग आला होता.

मग तिनं तोंडावर हात धरला. सकाळपासून तिला मळमळत होतं. “मी येते,” ती म्हणाली. “तुम्ही सुरू करा. दहा वेळा.”

मी तिच्याबरोबर जायला निघालो तर तिनं डोळ्यांनीच नळी दाखवली. ती भिंतीला धरून व्हरांड्यातून गेली. मी सुरू केलं.

एकदा उलटी, एकदा सुलटी. दोन. तीन. नळीच्या तळाशी एक गोळा होता, तो मिसळत नव्हता. वर पाण्यासारखं आणि खाली चिकट. मी उजेडात धरून बघितलं. चार. पाच. गोळा तसाच.

शिराळकर डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या बाटल्यांवर लेबलं मीच चिकटवायचो. घेण्यापूर्वी बाटली चांगली हलवा. गाळ बसलेली बाटली तशीच दिली तर रोग्याच्या पहिल्या चमच्यात नुसतं पाणी जातं आणि शेवटच्या चमच्यात सगळं औषध. पहिल्याच महिन्यात डॉक्टरांनी मला हे शिकवलं होतं आणि माझ्या हातून न हलवलेली बाटली कधी खिडकीतून बाहेर गेली नाही. मला वाटलं, तिनं ‘हलवायची नाही’ म्हटलं ते नवख्यासाठी. हे असं अर्धवट मिसळलेलं तिला दाखवायचं कसं?

मी बुचावर अंगठा दाबला आणि माझ्या रोजच्या हातानं नळी हलवली. वीस-पंचवीस वेळा. बाटली हलवायला जितका वेळ लागतो तितकाच.

गोळा गेला. वरपासून खालपर्यंत सगळं एकसारखं झालं, पातळ, स्वच्छ. मला बरं वाटलं. मी नळी स्टँडला लावली आणि हात पुसले.

ती आली तेव्हा तिच्या मागोमाग मुजावर सरही आले. परीक्षेतून पाच मिनिटं काढून बघायला आले होते. ते दारातच थांबले. हेमलतानं दोन्ही तळहातांत नळी धरली आणि तिरकी केली. पाणी पाण्यासारखं वाहिलं.

“हे पातळ कसं झालं?”

मी स्टँड उगाच सरळ केला.

“मघाशी दाट होतं. तुम्ही बघितलंत ना?” तिनं नळी पुन्हा तिरकी केली. “अहो, हलवली का?”

मी तिच्याकडं बघत नव्हतो. मी सरांकडं बघत होतो. ते चष्मा काढून रुमालानं पुसत होते.

“नाही,” मी म्हणालो.

“दहा वेळा?”

“दहा वेळा. सावकाश.”

“नक्की?”

“नाही म्हटलं ना.”

पुढच्या पायऱ्या तिनं सांगितल्या, मी केल्या. दुपारी तीनच्या सुमारास शेवटी थंडगार अल्कोहोल ओतलं. यात पांढरे धागे वर येतात आणि ते काचेच्या कांडीवर सूत गुंडाळावं तसे गुंडाळता येतात, असं तिनं मला आठवडाभर सांगितलं होतं. मी कांडी फिरवली. कांडीला काही लागलं नाही. नासलेल्या दुधात दिसतात तशा बारीक कण्या तेवढ्या तरंगत राहिल्या.

ती बराच वेळ त्या कण्यांकडं बघत बसली. मला वाटलं आता ती रडेल. मनात आलं, आताच सांगावं. सर गेले होते, खोलीत आम्ही दोघंच होतो.

“मी चुकलो असेन कुठंतरी,” मी म्हणालो. एवढंच जमलं.

“नाही,” ती म्हणाली. “तुम्ही काही चुकला नाहीत. थांबा, मला विचार करू द्या.” मग ती स्वतःशीच बोलल्यासारखं बोलायला लागली. “दाट झालं होतं, म्हणजे धागा लांबच होता. आणि दहा मिनिटांत पातळ झालं. हलवली नाही. मग कुणीतरी कापला. याच्याच आत काहीतरी आहे, डीएनए कापणारं. पण आपण घातलेल्या द्रावणात असले एन्झाइम चालत नाहीत, मुद्दाम त्यासाठीच ते घालतात. म्हणजे हा त्यातही चालतो.” तिनं वर बघितलं. “अहो, हे कुणी बघितलेलं नाही.”

तिचे डोळे मी लग्नात बघितले होते तसे दिसत होते.

मार्च गेला, एप्रिल गेला. तिची बहीण इचलकरंजीहून न्यायला आली. म्हणाली, महिनाभर आईजवळ राहा, आमरस खा, माडीवर वारं येतं. हेमलता गेली नाही. “माझ्याकडं दिवस कमी आहेत,” ती बहिणीला म्हणाली, “आणि मला एक गोष्ट सापडलीय.” मी तिला रोज रिक्षानं कॉलेजात नेत होतो आणि रोज आणत होतो. ती स्टुलावर बसायची, आता एम.एस्सी.ची एक मुलगी तिचं काम करायची. ते डीएनए कापणारं काही मिळालं नाही. कधी मिळाल्यासारखं वाटायचं, मग नाही. लायसोझाइमची नवी बाटली अजून यायची होती, म्हणून तो प्रयोग पुन्हा करता येत नव्हता. तिनं तेवढंच लिहिलं, की असं असावं, आणि का असावं. बारा पानं. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण रात्री ती सांगायची आणि मी लिहून घ्यायचो. ‘नळी हलवलेली नव्हती’ हे वाक्य माझ्या अक्षरात आहे.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. एका दुपारी वॉर्डात कुणी नव्हतं. मी खुर्ची जवळ ओढली.

“अगं, त्या दिवशी ती नळी—”

“तिचाच विचार करत होते मी,” ती म्हणाली. आवाज अगदी बारीक झाला होता. “धागा नीट आला असता ना, तर पुण्याला गेला असता. पुढचं सगळं त्यांचं झालं असतं. आपलं नाव कुठंतरी खाली, आभारात. हे माझं आहे. ती नळी बिघडली म्हणून मला हे मिळालं.”

मी मोसंबं सोलत होतो. सोलत राहिलो.

“काय म्हणत होता तुम्ही?”

“काही नाही. फोड घेतेस?”

“अर्धी द्या.”

जूनच्या पाच तारखेला ती गेली.

पदवी नंतर मिळाली. मुजावर सरांनी सगळी खटपट केली. समारंभात तिचं नाव पुकारलं तेव्हा मी वर गेलो आणि घेतली. लोक उभे राहिले. सरांनी खाली आल्यावर माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, “कोष्टी, मी तुम्हाला त्या दिवशी उगाच बोललो.” त्यांनाही मी काही सांगितलं नाही. ते आता नाहीत.

सांगायचं कुणाला, असं मी स्वतःला म्हणत आलो. तिचा प्रबंध कपाटात होता, कॉलेजच्या ग्रंथालयात एक प्रत होती. कुणी वाचत नसेल असंच मला वाटायचं. तिला त्यातून शेवटचे तीन महिने आनंद मिळाला, हेही मी स्वतःला म्हणायचो. ते खोटं नव्हतं. पण आईकडच्या माडीवर ती गेली नाही, तेही त्याच तीन महिन्यांत.

मागच्या वर्षी ऑक्टोबरात एक मुलगी घरी आली. तेजल पाटोळे. पीएच.डी. करते म्हणाली. मॅडमचा जीवाणू कॉलेजनं गोठवून जपून ठेवला होता, तिनं तो पुन्हा वाढवला होता. मी चहा ठेवला. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहूनच बोलत होती.

“काका, मॅडमच्या शेवटच्या प्रकरणावर माझं सगळं काम आहे. तो डीएनए कापणारा एन्झाइम शोधायचा.”

“सापडला?”

“दीड वर्ष झालं. नाही सापडत. आमचे सर म्हणतात, विषय सोडून दे. मी म्हटलं, मॅडमनी लिहिलंय म्हणजे असणारच. माझंच काहीतरी चुकतंय.” ती हसली, पण तिचे डोळे खोल गेले होते. “आणि गंमत म्हणजे माझा धागा पहिल्याच दिवशी अखंड आला. मॅडमच्याच पद्धतीनं, लायसोझाइमचं प्रमाणसुद्धा त्यांचंच. कांडीवर नुसता गुंडाळला गेला. मला आनंद व्हायला पाहिजे होता. मी घाबरले, कारण कापणारं काही असतं तर तो अखंड आलाच नसता.”

“पहिल्याच दिवशी?”

“हो. त्यांची पद्धत इतकी चांगली आहे, काका. मग त्यांना का आला नाही, एवढंच मला कळत नाही. त्यांच्या वहीत लिहिलंय, नळी तुम्ही हाताळली होती. म्हणून विचारायला आले. राग मानू नका. त्या दिवशी नळी हलवली गेली होती का?”

चहा उतू जायला आला होता. मी गॅस बंद केला.

“हो,” मी म्हणालो.

मी तिला सगळं सांगितलं, गोळा, बुचावरचा अंगठा, दारात उभे असलेले सर. दवाखान्यातलं मोसंबंही सांगितलं, ते सांगायची काही गरज नव्हती. ती जमिनीकडं बघत ऐकत होती. मग ती खुर्चीवर बसली आणि तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. दीड वर्ष तिचं गेलं होतं. मी तिला पाणी दिलं.

“पोरी, तुझंही नुकसान झालं,” मी म्हणालो.

“माझं जाऊ द्या.” तिनं डोळे पुसले. “मॅडमना शेवटपर्यंत कळलं नाही?”

“नाही.”

तिनं पिशवीतून वही काढली. पेनाचं टोपण काढलं. “काका, हे मला लिहावं लागेल. पुढं कुणी परत शोधत बसू नये म्हणून. कसं लिहू?”

“लिही, नळी रघुनाथ कोष्टी यांनी जोरात हलवली.”

तिनं लिहिलं.

“मॅडमनी विचारलं तेव्हा ते नाही म्हणाले.”

तिचं पेन थांबलं. “हे नको, काका. तुम्हाला उगाच त्रास. प्रबंधात एवढं लागत नाही.”

“लागतं,” मी म्हणालो. “नाहीतर वाचणारे म्हणतील, तिनं विचारलंच नव्हतं.”